शेजारच्या सूमचा विमा

२०१०च्या भीषण हिवाळ्याच्या आधीची गोष्ट. मंगोलियात परदेशी मदतीतून चाललेली पशुविमा योजना तेव्हा मोजक्याच आयमागांत होती. आयमाग म्हणजे जिल्हा, सूम म्हणजे तालुका. बायानखोंगोरमधल्या एका सूमच्या कचेरीत आमचं टेबल लागलं होतं. नादामचा सण तोंडावर आलेला, त्यामुळे लांबलांबचे पशुपालक मोटारसायकली दामटत येत होते आणि विमा विकणारी एजंट मुलगी खुशीत होती.

मी मराठवाड्यात पीकविम्यात केस पांढरे केलेला माणूस. मला तिथे सल्लागार म्हणून नेलं, कारण योजनेचा गाभा आपल्या पीक कापणी प्रयोगासारखाच होता. तुमच्या शेतात किती पिकलं हे कोणी विचारत नाही. महसूल मंडळाची सरासरी ठरलेल्या उंबरठा उत्पादनाखाली गेली की सगळ्या विमेदारांना भरपाई. तिथे उत्पादनाच्या जागी मृत्युदर. सूममधल्या शेळ्या ठरलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त मेल्या, की त्या सूममध्ये शेळ्यांचा विमा काढलेल्या प्रत्येकाला पैसे, मग त्याची स्वतःची एकही मेलेली नसो. हे रुक्ष वाटत असेल, तर आपल्याकडचे गुरांचे दावे निपटलेल्या कोणालाही विचारा. बिल्ल्यासकट कापून आणलेला कान, पशुवैद्याचा दाखला, पंचनामा. आणि बिल्ला खरा असला तरी म्हैस तीच कशावरून? तिथे ती भानगडच नव्हती. शिवाय जनावरं जगवणाऱ्याचं नुकसान होत नाही, म्हणून तो शेवटपर्यंत धडपडतो. पशुगणनेची शिस्त समाजवादी काळापासूनची, डिसेंबरात घरटी पाचही प्रकारची जनावरं मोजायची. तिला जूनची एक पाहणी जोडली, बस्स. मला ही रचना मनापासून आवडायची. अजूनही आवडते, पंचाईत तीच आहे.

१९९०पर्यंत बहुतेक जनावरं नेगदेलची, म्हणजे सामूहिक संस्थेची होती. कळप हलवायला तिचे ट्रक, अडीनडीला सरकारी चारासाठा. मग सोव्हिएत मदत आटली. १९९१मध्ये देश जागतिक बँकेचा आणि नाणेनिधीचा सदस्य झाला, त्याच वर्षी खाजगीकरणाची कूपनं वाटली गेली, पाठोपाठ नेगदेल मोडीत निघाल्या. लोकांना मत मिळालं, जनावरं मिळाली. ट्रक आणि चारा गेला. कारखाने बंद पडले तशी शहरातली माणसंही कळप घेऊन माळावर आली. अडीच कोटींच्या घरातली जनावरं १९९९पर्यंत तीन कोटींच्या पुढे गेली आणि १९९९ ते २००२मध्ये लागोपाठच्या झुदांनी, म्हणजे जनावरांना उपाशी मारणाऱ्या हिवाळ्यांनी, त्यातली एक कोटीच्या आसपास नेली. दर वेळी पीठ आणि गवत वाटण्यापेक्षा विम्याचा बाजार उभा करू, असं मदत देणाऱ्यांनी ठरवलं ते त्यानंतर.

दुपारी पन्नाशीचा एक गृहस्थ आला. रिवाजाप्रमाणे आधी तपकिरीची कुपी पुढे केली. मी भारतातला म्हटल्यावर लडाखचे बौद्ध लामा बकुला रिन्पोचे यांचं नाव घेतलं. १९९० ते २००० ते तिथे आपले राजदूत होते, आणि त्यांच्यामुळे माझ्यासारख्या नास्तिकालाही माळावर मान मिळे. मग त्याने पॉलिसी टेबलावर उलगडली.

आदल्या उन्हाळ्यात त्याच्या सूमवर पाऊस नव्हता, गवत खुरटलेलं. म्हणून शरदात तो शेळ्या घेऊन ओतोरला गेला, म्हणजे चाऱ्यासाठी लांब, शेजारच्या सूममध्ये. आमच्या प्रशिक्षणात ‘धडपड करणारा पशुपालक’ म्हणून ज्याचं कौतुक करायचो, तो हाच. तिथे ऐन हिवाळ्यात बर्फ जरासं वितळलं आणि पुन्हा गोठलं. गवतावर काचेसारखा थर बसला. याला लोखंडी झुद म्हणतात. शेळीचं खूर तो फोडू शकत नाही. अडीचशेपैकी सत्तर उरल्या. इकडे त्याच्या मूळ सूमला बर्फ कमी पडलं आणि मागे राहिलेल्यांचं फारसं काही गेलं नाही. त्याची नोंद इथली, सूमचा मृत्युदर ठरलेल्या टक्क्यांच्या खाली, म्हणून भरपाई शून्य. शेजारच्या सूममध्ये मात्र सगळ्या विमेदारांना पैसे मिळणार होते. त्यात ज्याच्या आसऱ्याने तो राहिला तो मेव्हणाही. त्याच्याकडे बंदिस्त गोठा होता, साठवलेलं गवत होतं, नुकसान किरकोळ.

एजंटने नियम समजावला. तो त्याला तिच्यापेक्षा चांगला समजला होता. म्हणाला, “ठीक. मग पुढच्या वर्षाची शेळ्यांची पॉलिसी त्या सूमवर लिहा. तिकडचा हप्ता जास्त आहे, मी भरतो.”

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. नोंद एका सूममध्ये आणि विमा दुसऱ्यावर, असं चालणार नाही, तो सट्टा होईल, असं मी दुभाष्यामार्फत सांगितलं. पुनर्विमा करणारे, म्हणजे विमा कंपनीचाच विमा उतरवणारे, ते मान्य करणार नाहीत हेही खरंच होतं.

तो म्हणाला, “शेळ्या मेल्या की जगल्या हे तुम्ही बघत नाही. मग त्या कुठे आहेत हे का बघता?”

बाजार शिकवायला आम्ही आलो होतो आणि जोखीम जिथे आहे तिथलाच विमा हवा, हे साधं तत्त्व हा मला सांगत होता. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते पुनर्विम्याच्या सोयीचं होतं, त्याच्या सोयीचं नव्हतं. उलानबातरला परतल्यावर सविस्तर टिपण दिलं. पाहणीला आलेल्या तज्ज्ञांनी ‘उद्बोधक’ म्हणून ते परिशिष्टात टाकलं. आपल्याकडच्या बाबूंनी निदान तीन प्रतींत मागवून दोन शेरे तरी मारले असते.

त्याने फक्त मेंढ्यांचा विमा काढला, कारण त्या तो ओतोरला नेत नसे. नोटा मोजून दिल्या, पावती घेतली. निघताना एजंटला सहज विचारल्यासारखं विचारलं, “मेव्हण्याने शेळ्यांच्या तीसच टक्के किमतीचा विमा काढलाय. शंभर टक्क्यांपर्यंत चालतो ना? वरचा हप्ता मी दिला तर?”

तिने माझ्याकडे पाहिलं. त्याला मनाई करणारं कलम मला नियमावलीत सापडलं नाही, आणि मी फार शोधलंही नाही.