बाई, सिल्क आणि माझ्या पिवळ्या चिठ्ठ्या

गेल्या महिन्यात बाईंनी प्रॅक्टिस थांबवली. बाई म्हणजे लंडनमधल्या एक केसी, किंग्ज काउन्सेल, म्हणजे वरच्या दर्जाच्या बॅरिस्टर, कमर्शियल आणि इन्सॉल्व्हन्सीवाल्या, म्हणजे धंद्यातली भांडणं आणि बुडालेल्या कंपन्या. नाव लिहीत नाही कारण त्यांना ते अजिबात आवडणार नाही, आणि तोंडावर मी त्यांना कधी बाई म्हटलेलंही नाही, इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात, पण घरी नवऱ्याशी बोलताना त्या पहिल्या दिवसापासून 'आमच्या बाई'च आहेत.

मी सॉलिसिटर. म्हणजे क्लायंट माझ्याकडे येतो, कागद मी गोळा करते, नोटिसा मी पाठवते, आणि हायकोर्टात उभं राहून भांडायची वेळ आली की बॅरिस्टर गाठते. आपल्याकडे बॅरिस्टर म्हटलं की जुन्या काळातले विलायतेहून शिकून आलेले मोठे लोकच डोळ्यांसमोर येतात, बाबासाहेबांनी १९१६ मध्ये ज्या ग्रेज इनमध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेत, नाव घातलं ती इन माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि आई इथे आली होती तेव्हा तिला सगळ्यात आधी तेच बघायचं होतं. पण हे लोक रोज नेमकं करतात काय हे मलाही इथे कामाला लागेपर्यंत धड माहीत नव्हतं. चेंबर्स म्हणजे फर्म नाही, ही पहिली गोष्ट. प्रत्येक जण स्वतःचा धंदा स्वतः करतो, भाडं आणि क्लार्क तेवढे सामायिक. त्यामुळे एकाच चेंबर्समधले दोघं एकाच केसमध्ये समोरासमोर उभे असतात आणि दुपारी एकाच किटलीतला चहा पितात, क्लायंटला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. फी ठरवायची, तारखा लावायच्या, सगळं क्लार्क बघतो. इतक्या वर्षांत बाईंनी माझ्याशी पैशाचा एक शब्द काढला नाही, क्लार्कने मात्र कधी एक पौंड सोडला नाही.

सुरुवात सगळ्यांची सारखीच होते, बारा महिन्यांची प्युपिलेज, त्यातले पहिले सहा महिने नुसतं बघायचं आणि दुसऱ्याचे कागद तयार करायचे, पुढच्या सहा महिन्यांत स्वतःची छोटी कामं. इन्सॉल्व्हन्सीवाल्यांची छोटी कामं म्हणजे वाइंडिंग-अप पिटिशन. कंपनीने ७५० पौंडांपेक्षा जास्त पैसे थकवले की ती बंद करा म्हणून कोर्टात अर्ज करता येतो. असे ढिगाने अर्ज एकाच सकाळी बोर्डावर असतात आणि प्रत्येकाला मिळतात मिनिट-दोन मिनिटं. तरुण बॅरिस्टर उठतो, कर्ज इतकं, कंपनी आलेली नाही, नेहमीची ऑर्डर द्या, आणि बसतो. एक कंपनी संपली. ऐकायला हे फार किरकोळ वाटतं पण त्या ऑर्डरच्या आधीच खरा घाव बसलेला असतो, कारण पिटिशनची जाहिरात गॅझेटमध्ये द्यावी लागते, बँका ते गॅझेट रोज चाळतात आणि नाव दिसलं की त्याच दिवशी खातं गोठवतात. कायदाच तसा आहे, १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी अॅक्टचं कलम १२७, पिटिशननंतर कंपनीच्या खात्यातून गेलेला पैसा पुढे ऑर्डर झाली तर रद्दबातल धरला जातो, मग बँक कशाला जोखीम घेईल. पगार अडकतो, माल थांबतो. म्हणून जाहिरात कधी द्यायची याचे नियम कडक आहेत, पिटिशन कंपनीच्या हातात पडल्यावर किमान सात कामाचे दिवस थांबायचं.

आणि इथे मी माती खाल्ली.

मी तेव्हा ट्रेनी होते, दिवस मोजायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ईस्टरचा सोमवार कामाचा दिवस म्हणून धरला. जाहिरात एक दिवस आधी छापून आली. हे लक्षात आलं केव्हा, तर हिअरिंगच्या दिवशी सकाळी रोल्स बिल्डिंगच्या, म्हणजे कोर्टाच्याच इमारतीच्या, सिक्युरिटीच्या रांगेत, बेल्ट काढून ट्रेमध्ये ठेवताना. पोटात खड्डाच पडला. बाई तेव्हा सिल्क, म्हणजे वरच्या दर्जाच्या, नव्हत्या, ज्युनिअरच, पण दहाएक वर्षं झालेल्या, आणि ज्यांना आमची केस करायची होती ते आजारी पडल्यामुळे क्लार्कने ऐनवेळी त्यांना पाठवलेलं. मी लिफ्टपाशी गाठून त्यांना सांगितलं. म्हटलं, कंपनीतर्फे कोणीच येणार नाहीये, कदाचित कोणाच्या लक्षात येणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, पण असं बघितलं की ते 'कदाचित' मला परत गिळावंसं वाटलं.

पुकारा झाल्यावर बाई उठल्या आणि पहिलंच वाक्य, जज, या पिटिशनमध्ये एक दोष आहे, चूक आमची आहे, दिवस मोजताना सुट्टी धरली गेली. मग कर्ज, मग बाकी सगळं. जजने पिटिशन फेटाळली नाही, पुढची तारीख दिली, जाहिरात परत द्या म्हणाले, खर्च अर्थातच आमच्या फर्मच्या बोकांडी. बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, जजला ते सापडणारच होतं, त्यांना सापडायच्या आत आपण दिलं इतकंच. आणि पुढच्या कामाला निघून गेल्या, मी कॉरिडॉरमध्ये तशीच उभी.

त्यांच्या खोलीत दाराला एक लाल कापडी पिशवी अडकवलेली असायची, गाऊन ठेवायची. साधी पिशवी निळी असते, ती आपली आपण विकत घ्यायची, लाल मात्र विकत घ्यायची नसते, एखाद्या मोठ्या केसमध्ये ज्युनिअरने जीव तोडून काम केलं तर सिनिअर ती भेट देतो. बाईंना ती तिशीत मिळालेली, आद्याक्षरं विणलेली, नंतर धुऊन धुऊन गुलाबी झालेली. कुठल्या केससाठी, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी तीनदा विचारलं.

मग सिल्क. काळा रेशमी गाऊन मिळतो म्हणून सिल्क. अर्ज करावा लागतो, आपल्या केस ऐकलेल्या जजेसची आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांचीसुद्धा मतं मागवली जातात, आणि मला ते विरुद्ध बाजूवाल्यांचं प्रकरण फार आवडतं. त्या झाल्या क्यूसी, क्वीन्स काउन्सेल, आणि ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेली त्या दिवशी देशातले सगळे क्यूसी आपोआप केसी झाले. क्लार्कला पाट्या आणि लेटरहेड बदलायचं काम लागलं, तो आठवडाभर करवादत होता.

सिल्क झाल्यावर एक गंमत होते, ज्युनिअरबरोबर जी 'कॉन्फरन्स' असते तीच सिल्कबरोबर 'कन्सल्टेशन' होते, खोली तीच, बिस्किटं तीच, बिल वेगळं. अशा एका कन्सल्टेशनला मी एका लिक्विडेटरला, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा कारभार गुंडाळून देणी भागवणाऱ्याला, घेऊन गेले होते. बुडालेल्या कंपनीच्या दोन माजी डायरेक्टरांवर दावा, आम्ही तीन वर्षांचा हिशोब मांडलेला, मुद्दा असा की कंपनी बुडू शकते हे तीन वर्षांपूर्वीच दिसत होतं तरी यांनी पैसा बाहेर काढला, देणेकऱ्यांचा विचारच केला नाही. नेमका त्याच्या थोडं आधी, ५ ऑक्टोबर २०२२ ला, इथल्या सुप्रीम कोर्टाचा सिक्वाना नावाच्या केसचा निकाल आलेला. त्या केसमध्ये २००९ च्या मे महिन्यात एका कंपनीने आपल्या मालक कंपनीला १३५ मिलियन युरो डिव्हिडंड दिला, तेव्हा ती बुडालेली नव्हती, पण नदीच्या प्रदूषणाच्या साफसफाईचं एक देणं डोक्यावर टांगलेलं होतं आणि जवळजवळ दहा वर्षांनी ती गेलीच. कोर्ट म्हणालं, पुढेमागे बुडण्याचा नुसता धोका आहे म्हणून डायरेक्टरांवर देणेकऱ्यांकडे बघायचं बंधन येत नाही, बुडणं अगदी तोंडावर आलेलं हवं, नाहीतर लिक्विडेशन (कंपनी गुंडाळणं) किंवा अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (बुडत्या कंपनीचा कारभार बाहेरच्या माणसाकडे देणं) जाण्याची शक्यताच जास्त हवी.

बाईंनी आमचा दावा समोर घेतला आणि पेन्सिलने पहिल्या एकतीस महिन्यांवर एक तिरकी रेघ मारली. फक्त शेवटचे पाच महिने ठेवले. दाव्याची रक्कम निम्म्याहून खाली आली. लिक्विडेटर लालबुंद, म्हणाला मी तुम्हाला पैसे देतो ते माझाच दावा कापायला? बाई शांतपणे म्हणाल्या, मागच्याच वर्षी मी अशाच एका डायरेक्टरच्या बाजूने उभी होते, तुमची ही एकतीस महिन्यांची पानं बघून मला फार आनंद झाला असता. खरंच आहे ते, कॅब-रँकचा नियम आहे, आपल्या विषयातली केस आली, वेळ आहे, फी योग्य आहे तर बाजू आवडत नाही म्हणून नाही म्हणता येत नाही, त्यामुळे आज लिक्विडेटर, उद्या डायरेक्टर, परवा बँक. मला आधी हे भाडोत्री वाटायचं. आता तसं वाटत नाही, निदान त्या दिवसापासून तरी नाही. ते पाच महिने ट्रायलपर्यंत गेलेच नाहीत, समोरच्यांनी दोन आठवडे आधी तडजोड केली.

आता चिठ्ठ्या. कोर्टात बॅरिस्टर बोलत असताना आमच्यासारख्यांना मधे तोंड उघडता येत नाही, म्हणून पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून पुढे सरकवायचं. मी अतिशय उत्साहाने सरकवायचे. बाई वाचायच्या, फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवायच्या आणि बोलणं होतं तसं चालू ठेवायच्या. एका तीन दिवसांच्या हिअरिंगनंतर त्यांनी मला सगळ्या परत दिल्या, नीट रचून, सव्वीस होत्या. वरच्या दोनांवर पेन्सिलने बरोबरची खूण होती. बाकीच्या चोवीस काही चुकीच्या नव्हत्या, मी प्रत्येक तपासली, सगळे मुद्दे खरे होते. मला तेव्हा रागच आला होता.

शेवटच्या हिअरिंगला मी एकच चिठ्ठी दिली, तीही पान नंबर, बंडल सी, म्हणजे कोर्टातल्या कागदांचा 'सी' गठ्ठा, ४१२. बाईंनी बघितली, जजला म्हणाल्या सी ४१२ काढता का, आणि चिठ्ठी चुरगळून गाऊनच्या बाहीत टाकली.

आता त्या आर्बिट्रेशन, म्हणजे लवादाचं काम, करणार आहेत म्हणे. लाल पिशवी चेंबर्समध्ये ठेवली की घरी नेली हे मी क्लार्कला विचारलं, तर तो म्हणाला, ती ना, ती मागच्याच महिन्यात त्यांच्या ज्युनिअरने धुवायला नेली होती, अजून आणून दिलेली नाही.