दसऱ्याचे कंद, पाडव्याची फुले

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचे घर आहे आणि घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून पाच-सहा पावले लांबीचा एक वाफा आहे. यंदा, २०२५ मध्ये, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, अंगणातला बाकीचा बर्फ तसाच साचलेला असताना, त्या वाफ्यातला बर्फ भिंतीच्या उबेने वितळून वीतभर मागे सरकला आणि मोकळ्या झालेल्या ओल्या मातीतून स्नोड्रॉपची सात टोके वर आलेली मला दिसली. तापमान शून्याच्या खाली चार अंश होते आणि कामावर निघायची वेळ झाली होती, तरीही मी गुडघे टेकून ती टोके दोनदा मोजली, कारण मागच्या वर्षी याच जागी ती पाच होती.

स्नोड्रॉप हे अगदी चिमुकले फूल आहे. करंगळीएवढ्या देठावर एकच पांढरी कळी मान खाली घालून लोंबत असते आणि तिच्याकडे नीट पाहायचे तर माणसालाही जमिनीला डोके टेकावे लागते. बाहेरच्या तीन पाकळ्या शुभ्र असतात. त्या बोटाने हलकेच उचलल्या की आत आणखी तीन आखूड पाकळ्या दिसतात आणि त्यांच्या कडेला लिहिताना सुटलेल्या शब्दासाठी आपण काकपदाची खूण करतो, तशी हिरवी खूण असते. पानांची टोके इतर भागापेक्षा कडक असतात, त्यामुळे गोठलेल्या मातीचा थर फोडून ती वर येऊ शकतात. पहिल्या वर्षी एका कडाक्याच्या रात्रीनंतर सगळे देठ शिजवलेल्या पालेभाजीसारखे जमिनीवर आडवे झालेले पाहून मला वाटले की संपले सारे. पण दुपारी ऊन चढले तशी ती एकेक करून पुन्हा उभी राहिली. थंडी पडली की निजायचे आणि ऊब आली की उठायचे, हा त्यांचा नित्यक्रम आहे, हे मला नंतर कळले.

हे कंद मी विकत आणलेले नाहीत. पलीकडच्या घरात एक वृद्ध बाई राहतात. त्यांचा जन्म इटलीतला, आणि गेली चाळीस वर्षे त्या याच गल्लीत आहेत. आम्ही येथे राहायला आलो त्या वर्षी मार्चच्या शेवटी त्यांनी फुले ओसरलेला एक गड्डा, हिरव्या पानांसकट, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. स्नोड्रॉपचे सुके कंद दुकानात मिळतात, पण ते फार लवकर सुकून जातात आणि लावले तरी पुष्कळदा उगवत नाहीत. म्हणून जुनी माणसे पाने हिरवी असतानाच गड्डा फोडून एकमेकांना देतात, असे त्यांनी सांगितले. आमच्याकडे चिपळूणला शेजारणी अबोलीची रोपे आणि अनंताच्या फांद्या अशाच मागून न्यायच्या, त्याची मला त्या क्षणी तीव्र आठवण झाली. यंदा पायरीच्या खालच्या फटीत, जिथे कोणीही काही लावले नव्हते, तिथेही एक स्नोड्रॉप उगवला आहे. त्याच्या बियांना एक छोटा तेलकट गर चिकटलेला असतो, तो खाण्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात आणि बी त्यांच्या वाटेवर टाकून देतात. आमच्या पायरीखालचे झाड बहुधा मुंग्यांनीच लावले असावे.

गावाकडचा वसंत मला कधी लावावा लागला नव्हता. शिमग्याच्या सुमारास डोंगरावर सावर आणि पांगारा लालभडक होत, परसातला आंबा मोहरलेला असे आणि त्यातले काहीच आमच्या हातचे नसे. इथे मात्र घरच्या बागेत मार्चमध्ये फूल हवे असेल तर ते ऑक्टोबरात, म्हणजे दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत, आपल्या हाताने मातीत ठेवावे लागते आणि नंतर चार-पाच महिने त्याच्याविषयी काहीच करता येत नाही. आपल्याकडच्या कंदांना पावसाची वाट पाहावी लागते. कळलावी काय, रानहळद काय, उन्हाळाभर मातीत निपचित पडून राहते आणि मृगाच्या सरींनी जागी होते. इथल्या कंदांना जाग आणणारी गोष्ट थंडी आहे. ट्यूलिपच्या कंदाला साधारण बारा ते सोळा आठवडे गार मातीत राहावे लागते. ती थंडी मिळाली नाही तर कंदातल्या पिष्टाची साखर नीट होत नाही, देठ आखूड राहतो किंवा फूल उमलतच नाही. ज्या हिवाळ्याला मी पहिली तीन वर्षे नुसती सोसत होते, तोच हिवाळा त्या फुलांचे अन्न तयार करतो, हे समजल्यापासून जानेवारीकडे पाहण्याची माझी नजर खरोखर बदलली.

शेजारच्या आजींनीच मला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मी विसरणे शक्य नाही. दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी मी डॅफोडिलचे कंद लावत होते. त्यांनी माझ्या टोपलीतला एक जाडजूड कंद उचलला, खिशातल्या छोट्या सुरीने तो वरपासून खालपर्यंत, कांदा उभा चिरावा तसा चिरला आणि दोन्ही फोडी माझ्यासमोर धरल्या. कांद्यासारखेच पांढरे पदर होते, आणि त्यांच्या अगदी मधोमध, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, फिकट पिवळसर कळी होती. ती कळी उन्हाळ्यातच तयार झालेली असते. फूल वसंतात घडत नाही. ते आधीच घडलेले असते, वसंतात फक्त बाहेर येते. त्या चिरलेल्या कंदाच्या दोन फोडी मी दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या होत्या. आमच्या घरी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने त्या भिंगाखाली पाहिल्या आणि आत सहा पाकळ्या मोजता येतात का, म्हणून बराच वेळ प्रयत्न केला. (घरात लहान मुले असतील तर एक सांगून ठेवते: डॅफोडिलचा कंद विषारी असतो आणि त्याच्या रसाने हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालूनच काम करावे आणि कंद कांद्यांच्या जवळ कधीही ठेवू नयेत.)

२०२४ च्या पानगळीत मात्र कंद लावणे कठीण गेले. त्या वर्षीचा ऑक्टोबर हा न्यू जर्सीच्या हवामान नोंदींमधला सर्वांत कोरडा महिना ठरला. महिनाभर पाऊस असा पडलाच नाही आणि नंतर राज्यात वणवेही लागले. आमच्या भागातली माती तांबूस खडकाची, तशीही चिकट आणि जड. ती इतकी वाळली होती की खुरप्याचे टोक आत जाईना. आदल्या रात्री झारीने पाणी घालायचे, सकाळी चार बोटे खणायचे, पुन्हा पाणी घालायचे, असे करत कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोलीचे खड्डे घ्यायला मला तीन आठवडे लागले. शेवटचे क्रोकस, म्हणजे वसंताच्या सुरुवातीला पेल्यासारखी जांभळी फुले देणारे छोटे कंद, मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी, पणत्या लावायच्या आधी, घाईघाईने मातीआड केले. हेच क्रोकस यंदा सगळ्यांत दाट आले आहेत, याचा मला फार आनंद आहे.

चूक म्हणावी अशी गोष्ट माझ्या हातून दुसऱ्या वर्षी झाली होती. डॅफोडिलची फुले सुकल्यावर पाने लोळू लागतात, पिवळी पडतात आणि वाफा अस्ताव्यस्त दिसतो. पाहुणे येणार म्हणून मी ती सगळी पाने एप्रिलच्या शेवटी बुडापासून कापून टाकली. पुढच्या वसंतात तिथे हिरवीगार पाने आली, पण फूल एकही नाही. फुलांनंतर निदान सहा आठवडे ती पाने उन्हात राहिली, तरच कंद अन्न साठवतो आणि आत पुढच्या वर्षाची कळी धरतो. मी पाने कापली, त्याच दिवशी पुढच्या वर्षीची फुलेही कापली होती. ते कंद सावरायला दोन वर्षे लागली. आता जूनपर्यंत मी त्या वाफ्याला हात लावत नाही; ज्याला तो अस्ताव्यस्त वाटेल त्याला वाटो.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथे घड्याळे तासभर पुढे करतात. मला त्या बदलाचे अप्रूप एवढ्यासाठीच की कामावरून आल्यावर बागेत उजेड सापडतो. यंदा ९ मार्चनंतरच्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी क्रोकस पाहायला जात असे. त्यांच्या पाकळ्या ढगाळ दिवशी घट्ट मिटलेल्या असतात आणि ऊन पडले की काही मिनिटांत उघडतात. ऊब लागली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा वेगाने वाढते आणि पाकळी बाहेरच्या अंगाला वळते. एका दुपारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता मी फोन खाली धरला, तेव्हा त्या जांभळ्या पेल्यांच्या आत नारिंगी परागांनी माखलेली एक मधमाशी लोळत होती. आई म्हणाली, "अगं, हे तर केशर! काढून ठेव, श्रीखंडाला होईल."

केशर याच कुळातले आहे, एवढे तिचे खरे होते. पण केशराचा क्रोकस वसंतात नव्हे, पानगळीत फुलतो. काश्मीरमध्ये पांपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याची तोडणी होते. त्याच्या फुलातून लांब, गडद लाल असे तीन तंतू बाहेर येतात आणि किलोभर केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात. त्याला बी धरत नाही, माणसाने कंद वेगळे करून लावले तरच तो टिकतो. माझ्या वाफ्यातल्या वसंती क्रोकसच्या तंतूंना ना तो रंग, ना तो वास. हे सगळे ऐकून आईने विचारले, "मग तो पानगळीतला का नाही लावत?" प्रश्न रास्त होता. येत्या ऑगस्टमध्ये केशराचे पंचवीस कंद मागवायचे मी ठरवले आहे.

ट्यूलिपविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण आमच्याकडे ते टिकतच नाहीत. कंद खारी उकरून नेतात आणि जे उरतात त्यांच्या कळ्या हरणे पहाटे येऊन देठासकट खातात. डॅफोडिलच्या अंगी विष असल्याने त्याला ना खार शिवत ना हरीण. म्हणून कुंपणाशी मी आता फक्त तेच लावते, आणि मार्चच्या चौथ्या आठवड्यात तिथे पिवळ्या फुलांची ओळ लागते. हेलेबोर नावाच्या बुटक्या रोपाची मळकट गुलाबी फुले त्याआधीपासून सावलीत असतात. हिरवळीत आपोआप उगवणारी निळी-जांभळी व्हायोलेट हे तर न्यू जर्सीचे राज्यफूल आहे. लोक तिला तण समजून औषध मारतात, आम्ही ती राहू देतो.

आणि मग फोर्सिथिया फुलतो. तो मूळचा चीनकडचा, पण या भागात जवळजवळ प्रत्येक कुंपणाला आहे. त्याच्या उघड्याबोडक्या काटक्यांवर एकही पान नसताना चार पाकळ्यांची शेकडो पिवळी फुले एकदम लागतात, आणि त्याच्याकडे पाहताना मला हमखास पळस आठवतो. आपल्याकडे पळस, पांगारा, सावर यांची पाने कोरड्या दिवसांत झडतात आणि निष्पर्ण फांद्यांवर फुले येतात. इथे पाने बर्फाच्या आधीच, पानगळीतल्या थंडीने झडलेली असतात. रंग वेगळा आणि कारण वेगळे, पण पानांआधी फुललेले झाड दुरून जसे डोळ्यांत भरते, तसे ते दोन्हीकडे सारखेच भरते.

आमच्या घरची गुढी याच झाडाची असते. खण, तांब्या आणि कडुनिंबाचा डहाळा, शिवाय ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेली साखरेची गाठी, हे सारे असते. झेंडूच्या हाराच्या जागी मात्र फोर्सिथियाच्या लांब काटक्या बांधतो. यंदा तिकडच्या पंचांगाप्रमाणे पाडवा ३० मार्चला, रविवारी होता आणि आदल्या दोन दिवसांतच झाड पुरते पिवळे झाले होते. असा मेळ दर वर्षी बसत नाही. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आला, तेव्हा फुलांमध्ये हिरवी पाने डोकावू लागली होती. २०२३ मध्ये तो २२ मार्चला होता आणि झाडावर नुसत्या कळ्या होत्या, तेव्हा गुढीला कुंपणावरचे डॅफोडिल बांधले. अधिक मास आला की पाडवा पुढे सरकतो, नाही आला की दहा-अकरा दिवस मागे येतो. फोर्सिथिया मात्र ऊन आणि ऊब पाहून चालतो. या दोघांची गाठ कुठे पडेल, हे पाहण्याची आमच्या घरी आता सवय झाली आहे. मुलगी जानेवारीत कालनिर्णय घरात आले की पहिल्यांदा चैत्राचे पान उघडते.

पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे बागेतला फोर्सिथिया तेव्हा फुललेला असण्याची शक्यता फारच थोडी. त्यावरचा उपाय शेजारच्या आजींनी आत्ताच सांगून ठेवला आहे: फेब्रुवारीच्या शेवटी हातभर लांबीच्या, फुगीर कळ्यांच्या काटक्या तिरप्या कापून आणायच्या, कोमट पाण्याच्या उंच भांड्यात घरात उजेडाला ठेवायच्या आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलायचे. दोन-तीन आठवड्यांत त्या घरातच फुलतात. तसे भांडे आमच्याकडे नव्हते. मागच्या शनिवारी त्यांनी त्यांच्या बेसमेंटमधून एक पितळी घागर काढून दिली, तिच्या काठाला पोचा आहे. चिंच-मिठाने घासून मी ती फडताळात ठेवली आहे.