आमची वाटचाल: काळ्या काचेच्या बाजारात लो-ई

वडिलांनी वरोऱ्यात फोटोफ्रेम आणि खिडक्यांच्या काचांवर दुकान उभं केलं. त्यांची हिऱ्याची कलम आजही गल्ल्यात आहे. दुहेरी काचेचं, म्हणजे दोन काचांमध्ये बंद पोकळी ठेवून केलेल्या जोडकाचेचं काम मी आणलं; त्यातली एक काच लो-ई, म्हणजे उष्णता कमी सोडणारा लेप असलेली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, पश्चिमेची खिडकी भट्टीसारखी आच फेकते आणि लोक कूलरवर कूलर वाढवतात. लो-ईवरचा चांदीचा लेप इतका पातळ, की नॅनोमीटरमध्ये मोजायचा. उजेड येऊ देतो, उष्णता बरीचशी परतवतो. यू-व्हॅल्यू म्हणजे काचेतून उष्णता किती आरपार जाते त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं: साध्या एकेरी काचेचा ५.७च्या आसपास, आमच्या जोडकाचेचा १.८च्या.

वसतिगृहाचं प्रकरण मात्र सांगणारच. एका कंत्राटदाराने मापं दिली, थोडा ॲडव्हान्स दिला. आम्ही काच टफन करून (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) आणली, कडेचा लेप ग्राइंडरने काढला (तो राहिला तर ओल धरून चांदी खराब होते), स्पेसरमध्ये (दोन काचांमधल्या पोकळ पट्टीत) ओल शोषणारे मॉलिक्युलर सिव्हचे दाणे भरले, सील करायला ब्युटाइल लावलं, वरून सिलिकॉन. माल तयार झाला आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या एकाने काळी काच 'लो-ईच आहे' म्हणून निम्म्या भावात बसवली होती! काळी काच ऊन पिऊन स्वतः तापते आणि ती आच खोलीत सोडते. पोरांनी पहिल्याच उन्हाळ्यात खिडक्यांना पोती टांगली. आमचा माल मात्र शेडमध्ये उभा. टफन काच कापता येत नाही, त्यामुळे दुसरं गिऱ्हाईक कुठून आणायचं? बँकेचे हप्ते थकले, कारागिरांचे पगार उसनवारीवर.

वाचवलं डॉक्टरबाईंनी. आमची पहिली जोडकाच त्यांच्याच दवाखान्यात लागली होती. नवा वॉर्ड बांधायला काढला होता. शेडमध्ये आल्या, स्वतः टेप धरला आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "चौकटी या काचांच्या मापाने करा." मी हात जोडले तर म्हणाल्या, "उपकार नाहीत भाऊ, मले पश्चिमेकडचे बेड दुपारी वापरायचे आहेत." ते बेड आता भर मे महिन्यातही भरलेले असतात.

पुढची वर्षं बरी गेली.

घर बांधणाऱ्यांनी एवढं करा. माल उतरवण्याआधी लायटर पेटवून बाहेरच्या बाजूने काचेसमोर धरा. जोडकाचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, लेपावरच्याचा रंग वेगळा असतो. आपल्या उन्हाला बाहेरून दुसरं प्रतिबिंब वेगळं हवं. तिसरं असेल तर काच उलटी बसतेय किंवा थंड मुलखाच्या हिशोबाने बनलीय. चारही सारखी दिसली, तर लेपच नाही, टेम्पो परत पाठवा.