जॅबविना आलेला उजवा ठोसा
३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतील किन्शासा येथे मुष्टियुद्धाच्या लढतीत मुहम्मद अली यांनी पहिल्याच फेरीत आधी जॅब (पुढच्या डाव्या हाताचा झटपट सरळ ठोसा) न मारता थेट उजव्या हाताचे ठोसे मारायला सुरुवात केली, तेव्हा प्रतिस्पर्धी जॉर्ज फोरमन गोंधळले, कारण मागच्या हाताला अंतर जास्त कापावे लागते आणि कसलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर असे धाडस सहसा कोणी करीत नाही.

माझ्या मते या ठोशाविरुद्धचा बचाव डोळ्यांपासून सुरू होतो. प्रतिस्पर्ध्याच्या हातमोज्याकडे न पाहता छातीकडे पाहावे, म्हणजे उजवा खांदा पुढे येताना आणि मागची टाच उचलली जाताना दिसते. मात्र मुरलेला खेळाडू जॅबची हूल देऊन नेमके तेच झाकतो. सरावात मी स्वतः जॅब मारून डावा हात खालूनच परत आणायचो (ही खोड जाता जात नाही) आणि गालावर खाल्ल्यावरच मला तो ठोसा कळायचा.

आता हनुवटी डाव्या खांद्याआड ठेवून, वजन मागच्या पायावर घेत मी ठोसा खांद्यावरून घसरू देतो आणि लगेच उजव्यानेच उत्तर देतो. डोके डावीकडे, ठोशाच्या बाहेर काढले, तर डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा) आयताच तयार असतो. सरळ मागे हटणे मात्र मी टाळतो, कारण दुसरा ठोसा तिथेच गाठतो.