हिमकणांत होरपळलेला वड : जानेवारी ते एप्रिल

११ जानेवारी. निफाडच्या थंडीने यंदा ट्रेमध्ये वाढवलेल्या माझ्या १४ वर्षांच्या बोन्साय वडाला गाठलं. पहाटे गच्चीवरच्या तापमापकात ४ अंश होते, तरी पानांवर पांढरा थर. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पानातली ऊब वर निघून जाते, पान हवेपेक्षाही गार पडतं आणि त्यावरचं दव गोठतं. शेडनेटखालची झाडं वाचली. हा एकटाच कठड्याजवळ उघड्यावर होता, तो मीच ठेवलेला.

दुपारपर्यंत पानं शिजवलेल्या पालेभाजीसारखी काळपट, ओलसर होऊन लोंबली. ट्रे व्हरांड्यात आणला, थेट ऊन लागणार नाही असा. कात्रीला हात लावला नाही. मेलेलं कुठवर आहे ते इतक्या लवकर कळत नाही, आणि घाईने छाटलं तर जिवंत फांदीही जाते.

१९ जानेवारी. सगळी पानं गळाली. पानंच नाहीत म्हटल्यावर झाड फारसं पाणी ओढत नाही, म्हणून रोजचं पाणी बंद. मातीत काडी खोचून बघतो, कोरडी निघाली तरच पाणी. सध्या ४-५ दिवसांनी लागतंय. खत अजिबात नाही.

२ फेब्रुवारी. आज नखाने साल खरवडली, शेंड्याकडून खाली येत. शेंडा आतून तपकिरी, भुसभुशीत. पहिल्या फाट्यापाशी रंग हिरवट, पण कोरडा. आणखी दोन बोटं खाली आलो आणि खरवडलेल्या जागी चिकाचा पांढरा थेंब फुगून आला. अंगठ्याला चिकटला तो पुसावासा वाटेना. वडाच्या जातीत ही खूण मला सालीच्या रंगापेक्षा भरवशाची वाटते. हिरवेपणा काही दिवस फसवतो, चीक वाहता असला की फांदीत जीव आहे. चारपैकी तीन पारंब्यांची टोकं मात्र काळी पडलीत. पाच वर्षं वाट बघून उतरवलेल्या पारंब्या होत्या त्या.

४ मार्च. खोडावर, जुन्या कापांच्या कडेला तांबूस टोकदार डोळे! आता छाटणी केली. चीक आला त्या जागेच्या बोटभर वर काप घेतला, चीक थांबेपर्यंत ओल्या फडक्याने टिपला आणि शेजारच्या द्राक्षबागेतून मागून आणलेली बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावली.

८ एप्रिल. ११ फुटवे. उंची ५५ सेंटीमीटरवरून ३८ वर आली, शेंडा गेलाच. उजवीकडचा जोमदार फुटवा नवा शेंडा म्हणून धरलाय. नवी पानं तळहाताएवढी मोठी येताहेत, पण ती खुडणार नाही. खोडाला आता ताकद हवी, पानं बारीक करणं पुढच्या वर्षी बघू. पुनर्लागवडही यंदा नाही. हलकं शेणखताचं पाणी मागच्या आठवड्यापासून सुरू केलंय. फांद्यांना वळण देणारी तार पहिला पाऊस झाल्यावर, तोवर फुटवे मोकळे वाढू देतोय.