चढाई (कबड्डीचा ऑडिओ गेम): मॅक आणि लिनक्स बिल्ड चालले, अँड्रॉइड अर्ध्यात

मंडळी, चढाई आता विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर पूर्ण खेळता येते. चित्र एकही नाही, सगळं हेडफोनमधून. एनव्हीजीटी या ऑडिओ गेम बनवायच्या साधनात लिहितोय, बीजीटी हे तसलंच जुनं साधन वापरलेल्यांना यातली अँजलस्क्रिप्ट ही भाषा ओळखीची वाटेल, फक्त बीजीटी विंडोजपुरतं होतं आणि हे २०२४ मध्ये ओपन सोर्स झालंय, एकाच कोडमधून बाकी सिस्टिमचे बिल्डही (चालवायला तयार फाइली) काढून देतं. पण बिल्ड निघाला म्हणजे गेम खेळता आला असं नाही, कारण आपल्या गेमात बोलणं आणि कीबोर्ड दोन्ही आधी स्क्रीन रीडरच्या (न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ताब्यात, त्यातून उरेल ते आपलं.

आधी कीबोर्ड. दम घुमवायला एक बटण दाबून ठेवायचं, सोडलं की दम सुटला. शिफ्ट हाताला सोयीचं, पण विंडोजवर उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज ही कीबोर्डची सोय मध्येच उपटते आणि आपली चढाई ३० सेकंदांची. इन्सर्ट आणि कॅप्स लॉक एनव्हीडीए न् ऑर्का या विंडोज-लिनक्सवरच्या स्क्रीन रीडरचे, कंट्रोल-ऑप्शन मॅकवरच्या व्हॉइसओव्हरचं. राहिलं स्पेस, तेच घेतलं. मॅकवर आणखी एक गंमत, डावा आणि उजवा बाण एकदम दाबले की क्विक नॅव्ह (व्हॉइसओव्हरची बाणांनी फिरायची सोय) चालू होऊ शकतं आणि मग बाण गेमपर्यंत पोचतच नाहीत. बचावपटू अंगावर आल्यावर घाईत दिशा बदलताना दोन्ही बाण क्षणभर एकत्र दाबले जाणारच ना, म्हणून बाणांच्या जोडीला ए आणि डी पण ठेवलेत, मॅकवाल्यांनी तेच वापरा.

आता बोलणं, माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. एनव्हीडीएला मजकूर पाठवता येतो, पण खेळाडूने पुढचं बटण दाबलं की ते वाक्य अर्ध्यात तुटतं, आणि चढाईत बोटं थांबतात कुठे. लिनक्सवर स्पीच-डिस्पॅचरमध्ये (सगळ्या प्रोग्रॅमचं बोलणं हाताळणारी सेवा) ऑर्का आणि गेम दोघांचं बोलणं एकाच ठिकाणी जातं, तिथे प्राधान्यक्रम नीट दिला नाही तर स्कोअर मागे राहतो. त्यात देवनागरी! ईस्पीक या मजकूर वाचणाऱ्या आवाजात मराठी आहे, पण खेळाडूने आपला नेहमीचा इंग्रजी आवाज लावलेला असेल तर मराठी वाक्य नीट वाचलं जाईलच असं नाही. एकेका सिस्टिमसाठी वेगवेगळी ठिगळं लावत बसण्यापेक्षा मी ठरवलं की चढाई चालू असताना बोलणं शून्य. मैदान १३ बाय १० मीटरचं, मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, प्रत्येक रेषेला मॅटवरच्या पावलाचा वेगळा आवाज दिलाय. सातही बचावपटूंचे श्वास आणि पावलं डावी-उजवीकडून येतात, जवळ आले की मोठी होतात. चढाईपटूचं तोंड बहुतेक वेळ बचावाकडेच असतं, त्यामुळे हेडफोनमध्ये पुढचं-मागचं ओळखायचा जो नेहमीचा त्रास असतो तो इथे फारसा येत नाही, कबड्डी यासाठीच निवडली. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असले तरच बोनस मिळतो, त्याची खूण चढाई सुरू होतानाच एका टाळीने मिळते. पंचांचे निर्णय मराठीत रेकॉर्ड करून टाकलेत, स्क्रीन रीडर फक्त मेनू आणि गुणतक्त्यापुरता, म्हणजे तिथे ज्याला जो वेग हवा तो त्याचा.

लिनक्ससाठी टीप, फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल चा फरक तिथे मोजला जातो आणि ऑडिओ गेममध्ये न सापडलेली फाइल म्हणजे नुसती शांतता, चूक झालीय हेच कळत नाही. सगळी नावं स्मॉलमध्ये ठेवा आणि गेम सुरू होतानाच सगळ्या फाइली तपासून जी नसेल तिचं नाव बोलून दाखवा.

अँड्रॉइडवर टॉकबॅक हा तिथला स्क्रीन रीडर एका बोटाचा स्पर्श स्वतःकडे घेतो, म्हणून सध्या टॉकबॅक थांबवून गेम फोनच्या टीटीएसने (मजकूर बोलून दाखवायच्या सोयीने) स्वतः बोलतो. चालतं, पण मला पटलेलं नाही, गेममधून बाहेर पडल्यावर टॉकबॅक परत चालू करणं खेळाडूवरच पडतं. शिवाय ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा येतो, तोवर पकड झालेली असते. पुढच्या बिल्डमध्ये टाळीच्या तालावर टॅप करून हा उशीर मोजायची सोय टाकतोय, तोवर फोनवर वायरचे हेडफोन लावूनच खेळा.