तळावर टाळ थांबत नाहीत तेव्हा

आळंदी ते पंढरपूर ही वाट साधारण अडीचशे किलोमीटरची. माउलींच्या पालखीबरोबर चालताना माणसांवरचा भरवसा वाढावा असं पुष्कळ दिसतं, पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती तळावरची समाज आरती. त्यात भक्ती तर आहेच. मला इथे सांगायची आहे ती त्यामागची व्यवस्था.

संध्याकाळी पालखी तळावर आली की तिच्याभोवती दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-पखवाजांचा गजर इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि सगळा आवाज एकदम थांबतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. मग चोपदार स्वतः त्या दिंडीपाशी जातात आणि म्हणणं ऐकून घेतात. कुणी चालीचा क्रम मोडून मध्ये घुसलेलं असतं, कुठे पाण्याचा टँकर पोचलेला नसतो, कुठे राहुट्यांच्या जागेवरून वाद असतो. ऐकून घेतल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. त्यानंतर हरवल्या-सापडल्याचं सांगतात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि मग आरती होते. तक्रार करणाऱ्याला लाखोंच्या मेळ्यात रांग लावावी लागत नाही, अर्ज लिहावा लागत नाही. ऐकणारा चालत त्याच्याकडे येतो. लोकांनी स्वतः उभी केलेली इतकी साधी न्यायाची रीत मला दुसरीकडे दिसलेली नाही.

हे चालतं ते दिंडीच्या क्रमांकामुळे. पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे शेकडो. प्रत्येकीची जागा ठरलेली. वारीत आपला पत्ता म्हणजे ‘रथामागे अमुक नंबर’. तो कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवावा, म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात अडकवावा. मोबाइलवर विसंबू नये: एका तळावर एवढे फोन आले की नेटवर्क बसतं, आणि पावसात बॅटरीही दगा देते. चुकलेल्या माणसाने दिंडी शोधत उलटसुलट फिरू नये. माणसं चुकतात ती बहुतेक मागे वळल्यामुळे. पुढे तळ गाठावा. संध्याकाळी सगळे तिथेच येतात.

पुणे ते सासवड हा सगळ्यांत अवघड टप्पा. तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुधा त्याच दिवशी एकादशी. घाटात पोटऱ्यांत गोळे येतात; घाम पुष्कळ गेलेला असतो आणि पोटात नुसता चहा असतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी हडपसरपासूनच घोट घोट घेत राहावं. पायाला फोड येतात ते ओल्या मोज्यांनी आणि नव्या चपलांनी. चप्पल दोन महिने आधीपासून वापरात हवी. या वाटेवर अनोळखी लोक पाय चेपून देतात, चर्मकार तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देतात. समोरचा कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. ‘माउली’ म्हटलं की झालं.

वारीला सगळंच साधलेलं होतं असं नाही. ज्या चोखोबांचे अभंग आम्ही गात चालतो त्यांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर आहे, कारण त्यांना आत जाऊ दिलं नव्हतं. ते दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजी १ मे १९४७पासून दहा दिवस उपोषणाला बसले, तेव्हा कुठे उघडलं. शतकं लागली, पण उघडलं. म्हणूनच बाकीचंही बदलेल यावर माझा विश्वास आहे.

आत्ता बदलत असलेली गोष्ट शौचालयांची. उघड्यावर जावं लागतं म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नसत. त्यातून चक्कर, लघवीची जळजळ, ताप. गेल्या काही वर्षांत मुक्कामांवर फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या राहू लागल्या, तरुण स्वयंसेवक पहाटेपासून तिथे उभे राहून लोकांना तिकडे वळवतात. अजूनही बिघडतं: पाऊस झाला की मैला उपसणारी गाडी चिखलात रुतते, पाणी संपतं, आणि दुपारपर्यंत आत पाय ठेववत नाही. ती रांग रस्त्यालगत, मुरुमाच्या जागेवर लावली तर निम्मी अडचण मिटते. तळापासून लांबही नको; अंधारात कुणी जात नाही.

पहिल्यांदा निघणाऱ्या बायकांनी दिंडीत नाव देतानाच भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, किती हे विचारतो तसं आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. न्हाणीला आडोसा आहे का, राहुटीत दिवा आहे का, सामानाचा ट्रक रात्री राहुट्यांजवळ उभा असतो का. उत्तर ‘बघू’ असं आलं, तर दुसरी दिंडी शोधावी. दिंड्या शेकडो आहेत.